टीव्हीवर लॅपटॉपची अक्षरं पुसट दिसतात? केबल बदलण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, पाच-सहा वर्षांचा विंडोज लॅपटॉप आहे आणि दोन्ही एचडीएमआय केबलने जोडलेत. चित्र येतं, पण आवाज लॅपटॉपमधूनच निघतो. खालचा टास्कबार अर्धा कापला जातो, एक्सेलमधले आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात, माउस हलवला की बाण मागे रेंगाळतो. दुकानदाराने सांगितलं, ‘फोर-केची भारी केबल घ्या, दोन हजाराची.’ ती घ्यावी, की केबलचा नाद सोडून वायरलेस करावं? काम दोन प्रकारचं आहे : तुमचं ऑफिसचं एक्सेल आणि आईसाठी कीर्तनं.

दोन हजार तूर्तास खिशातच राहू द्या. शाळा, क्लासेस, घरं अशा ठिकाणी टीव्ही आणि प्रोजेक्टर बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही केबलची वाटत नाही. एचडीएमआयमधून सगळा मजकूर डिजिटल जातो. केबल खराब असली किंवा तिच्या कुवतीबाहेरचा सिग्नल तिच्यावर लादला, तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच दोन-तीन सेकंद गायब होऊन परत येतं, नाहीतर सरळ ‘नो सिग्नल’ दिसतं. अक्षरं पुसट होणं, कडा कापल्या जाणं हे तिचे दोष नव्हेत. जुन्या निळ्या व्हीजीए केबलच्या बाबतीत ते खरं होतं. तो ॲनालॉग मामला, केबल लांब झाली की अक्षरांना सावली पडायची. काही दुकानदारांचं ज्ञान त्या काळात थांबलंय, काहींचा नफा तिथून सुरू होतो.

खरी अडचण वेगळी आहे. समोर कॉम्प्युटर जोडलाय हे तुमच्या टीव्हीला कळलेलंच नाही. तो लॅपटॉपला सेट-टॉप बॉक्स समजून वागवतोय. सेट-टॉप बॉक्समधून आलेलं चित्र टीव्ही जसंच्या तसं कधीच दाखवत नाही. थोडं ताणतो, कडा छाटतो, कृत्रिम धार चढवतो, रंग भडक करतो, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटच्या मॅचला हे खपून जातं. एक्सेलचा मात्र पार चुथडा होतो. तेव्हा करायचं काय, तर टीव्हीचे हे संस्कार एकेक करून बंद करायचे.

पण त्याआधी एक गोष्ट लॅपटॉपवर तपासा, कारण जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत निम्म्या वेळा मेख इथेच असते. विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा. उजवीकडे चार पर्याय येतील. बहुतेक तुमच्याकडे ‘डुप्लिकेट’ निवडलेलं असेल. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचं असतं, म्हणून विंडोज दोघांना झेपेल असं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, धरतं. स्वस्तातल्या लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा १३६६ बाय ७६८ चा असतो, आणि तुमचा टीव्ही ३८४० बाय २१६० चा. म्हणजे दहा लाख ठिपक्यांचं चित्र ऐंशी लाखांहून जास्त ठिपक्यांवर पसरवलं जातंय. मग अक्षरं कुठून रेखीव दिसणार? ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. लॅपटॉपचा पडदा बंद होईल आणि टीव्हीला त्याच्या मापाचं चित्र मिळेल. लॅपटॉपचाही पडदा हवा असेल तर ‘एक्स्टेंड’ घ्या. त्यात टीव्ही हा वाढीव पडदा होतो. एक्सेल टीव्हीवर आणि मेल लॅपटॉपवर, अशी कामाची छान वाटणी होते. मी स्वतः असंच काम करतो. आता विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले उघडा, वर टीव्हीचा चौकोन निवडा आणि ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करायला जाऊ नका, त्याच पानावरचं ‘स्केल’ वाढवा. सोफ्यावरून बघणार असाल तर दोनशे टक्के किंवा त्याहून जास्तही चालेल.

आता टीव्हीकडे वळू. टास्कबार कापला जातो त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा कधी सरळ नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायची रीत होती. सपाट पडद्याला याची काडीची गरज नाही, पण सवय राहिली ती राहिलीच. यात नुकसान फक्त कडांचं होत नाही. चित्र दोन-तीन टक्के जरी ताणलं, तरी लॅपटॉपचा एकही ठिपका टीव्हीच्या ठिपक्यावर नेमका बसत नाही आणि सगळ्याच अक्षरांची धार जाते. टीव्हीच्या मेन्यूत ‘पिक्चर साइझ’ किंवा ‘ॲस्पेक्ट रेशो’ शोधा. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत ‘फुल पिक्सेल’ असं नाव असतं. इतर कंपन्यांत ‘डॉट बाय डॉट’ किंवा नुसतं ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ सापडेल. काही जण हे टीव्हीत न करता लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन चित्र आकसून घेतात. टास्कबार दिसायला लागतो खरा, पण चित्र आधी लॅपटॉपने आकसलं आणि मग टीव्हीने ताणलं, म्हणजे ते दोनदा खराब झालं. दुखणं टीव्हीत आहे, औषधही तिथेच द्या.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि फरक सगळ्यात जास्त तिनेच पडतो. टीव्हीत सोर्सच्या, म्हणजे इनपुटच्या यादीत जा. ज्या एचडीएमआयला लॅपटॉप जोडलाय त्याचं नाव किंवा चिन्ह बदलायची सोय बहुतेक टीव्हींत असते. ‘एडिट’ म्हणून एक पर्याय असतो, त्यात ‘पीसी’ निवडा. दिसायला हे फक्त लेबल आहे, पण सॅमसंग आणि एलजीसारख्या टीव्हींत हे लेबल लावलं की टीव्ही आपली वागणूकच बदलतो. व्हिडिओमध्ये रंगांची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवलेली असते, कारण रंगातली कसर डोळ्यांना सहसा कळत नाही. सिनेमाला ते चालतं. बारीक रंगीत अक्षरांना चालत नाही. पीसी लेबल लावल्यावर टीव्ही प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा दाखवू लागतो.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. एक्सेलमध्ये एका चौकटीला गडद निळा रंग भरा, त्यात लाल रंगात ८८८८ लिहा, अक्षर नेहमीच्याच आकाराचं ठेवा, आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघा. आठाच्या पोटातली दोन भोकं निळी आणि स्वच्छ दिसली तर काम झालं. लाल-निळ्याचा जांभळट चिखल दिसला, तर रंग अजून अर्धवटच पोचतायत. लेबल लावून, टीव्ही बंद-चालू करून पुन्हा बघा. माझ्या पिशवीत अशी फाइल असलेला पेनड्राइव्ह कायम असतो. ग्राहकाला शंभर शब्दांत पटत नाही ते तो आठ बघून पटतं.

सोबतीला ‘शार्पनेस’ बघा. अक्षराभोवती पांढरी किनार दिसत असेल तर ती शार्पनेसची करामत. किनार जाईपर्यंत तो कमी करत आणा. शून्यावर आला तरी बिघडत नाही. काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट अंधारातलं सगळं एकाच काळ्यात बुडत असेल, तर लॅपटॉप आणि टीव्ही यांचं काळ्याच्या पातळीवर एकमत नाही. टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘एचडीएमआय रेंज’ अशी सेटिंग असते. तिचे दोन्ही पर्याय लावून बघा आणि बरं दिसेल ते ठेवा.

माउसच्या बाणाचं रेंगाळणं दोन कारणांनी होतं आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. बाण तुटक उड्या मारत जात असेल तर चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतंय. बाण सलग जातो, पण तुमच्या हातामागून जातो, असं असेल तर टीव्हीच्या संस्कारांना वेळ लागतोय. दुसऱ्यावर इलाज म्हणजे वरचं पीसी लेबल, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ‘गेम मोड’. गेम खेळत नसलात तरी लावा.

पहिल्यासाठी लॅपटॉपवर डिस्प्लेच्या पानात ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसला तर कारण सापडलं. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ ला फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवता येतं. साठ वेळा पाठवायची सोय २०१३ च्या २.० मध्ये आली. गंमत अशी की २.० येऊन वर्षं लोटली तरी स्वस्त लॅपटॉपांत १.४ चंच पोर्ट बसवलेलं असायचं. तुमचाही तसाच असण्याची शक्यता आहे. कधी लॅपटॉपचं पोर्ट बरोबर असतं, पण टीव्हीचंच दार अर्धं बंद असतं. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’ अशा नावाची सेटिंग त्या पोर्टसाठी चालू करावी लागते. टीव्हीच्या सगळ्या पोर्टांची कुवत सारखी असेलच असंही नाही, तेव्हा मागे कुठल्या पोर्टवर ‘फोर-के ६० हर्ट्झ’ लिहिलंय तेही बघा.

आणि लॅपटॉपच १.४ चा निघाला तर? इथे उत्तर तुम्ही किती अंतरावर बसता यावर ठरतं. सात-आठ फुटांवरच्या सोफ्यावरून बघत असाल, तर मी बेधडक १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ लावीन. फोर-के म्हणजे याच्या आडवं-उभं बरोबर दुप्पट, म्हणून टीव्हीला ताणायलाही सोपं जातं आणि त्या अंतरावरून फरक जाणवत नाही. उड्या मारणाऱ्या बाणापेक्षा हे शतपटीने बरं. पण टीव्ही टेबलावर ठेवून दोन-तीन फुटांवरून दिवसभर काम करायचं असेल, तर फोर-के साठ हर्ट्झच हवं. त्यासाठी लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट बघा. पोर्टशेजारी इंग्रजी डी-पीचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर त्यातून चित्र बाहेर काढता येतं. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाचूनच पुढे जा. सगळ्या टाइप-सी पोर्टांतून चित्र येत नाही, बऱ्याच पोर्टांतून नुसतं चार्जिंग आणि डेटा. टाइप-सीला एचडीएमआय केबल जोडून देणारा कन्व्हर्टर घेताना डब्यावर ‘फोर-के’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही, ‘फोर-के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं हवं. स्वस्तातले बहुतेक तीसवालेच असतात. या वाटेने गेलात तर केबलचाही विचार करा, पण तोही दोन हजारांचा नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा शिक्का असलेली, दीड-दोन मीटरची केबल काही शे रुपयांत मिळते आणि तुमच्या कामाला पुरून उरते. महाग केबलची खरी गरज लांबीमुळे पडते. हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर साधी केबल दम टाकते, तिथे ऑप्टिकल एचडीएमआय लागते.

आवाजाचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, पट्टीशेजारचा बाण दाबा, यादीत टीव्हीच्या कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असेल ते निवडा. विंडोजच्या लेखी टीव्ही हा वेगळा स्पीकर आहे, आणि तो आपोआप निवडला जाईलच असं नाही. झूम, टीम्ससारख्या मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकरची निवड वेगळी असते, ती तिथे जाऊनच बदलावी लागते. टीव्हीचं नाव यादीतच नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाका. एचडीएमआयचा आवाज त्याच्याच हातात असतो.

लॅपटॉपचं झाकण मिटून काम करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं. चार्जर लावलेला असताना ‘डू नथिंग’ ठेवा. मग मिटलेला लॅपटॉप गादीवर किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका, त्याला हवा लागते.

आता वायरलेस. यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. विंडोज आणि के ही बटणं दाबून जे होतं ते मिराकास्ट. लॅपटॉप आपला पडदा सतत व्हिडिओमध्ये आवळून वाय-फायवरून पाठवतो आणि टीव्ही तो उलगडून दाखवतो. आवळण्यात अक्षरांची धार जाते, उलगडण्यात वेळ जातो. एक्सेल आणि माउसला हे कधीच मानवत नाही. फ्लॅटच्या इमारतीत आजूबाजूचे वीस राउटर एकाच वेळी बोलत असतात, तिथे ते अडकतंही. दुसरा प्रकार यूट्यूबच्या कोपऱ्यातल्या कास्टच्या चिन्हाचा. त्यात लॅपटॉप फक्त पत्ता सांगतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. लॅपटॉप नुसता रिमोट उरतो, म्हणून चित्रही चांगलं येतं. आईच्या कीर्तनांना हेच वापरा. खरं तर टीव्ही स्मार्ट असेल तर त्यालाही लॅपटॉप कशाला? टीव्हीतल्या यूट्यूबमध्ये त्यांच्या आवडीची चॅनेलं सबस्क्राइब करून ठेवा, रिमोटचं एक बटण दाबायला त्या आठवड्यात शिकतील. ओटीटीचंही तसंच. त्या चित्रांना नक्कल रोखण्याचं कुलूप असतं, मध्ये कन्व्हर्टर आला की कधी कधी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. टीव्हीतलंच ॲप वापरलं की ही कटकट नाही.

सारांश एवढाच की एक्सेलला केबल आणि कीर्तनाला टीव्हीचं स्वतःचं ॲप. काम करताना क्रम असा ठेवा : आधी विंडोज-पी आणि रिझोल्यूशन, मग ओव्हरस्कॅन, मग पीसी लेबल, शेवटी रिफ्रेश रेट. एकेक बदल करून ८८८८ बघत जा. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगावर हात फिरवला तर झिणझिण्या येतात का? मनगट घासून बघा, तिथे लवकर कळतं. येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असतात, पण आपण तो दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये खुपसतो किंवा बोर्डातल्या वरच्या भोकाला वायरच जोडलेली नसते. मग चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून गळणारी वीज लॅपटॉपच्या अंगावर साठून राहते. मल्टिमीटर लावला तर अर्थिंगच्या तुलनेत शंभराच्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी नगण्य, माणसाला इजा होत नाही. पण टीव्हीला मागून डिशची किंवा केबलवाल्याची वायर असते, आणि तिचा वरचा धातूचा वेढा गच्चीतल्या लोखंडाला कुठेतरी टेकलेला असतो. अशा टीव्हीत चालू लॅपटॉपची एचडीएमआय खुपसताना बारीक ठिणगी पडते. एरवी धड असलेले लॅपटॉप आणि टीव्ही ‘एचडीएमआय पोर्ट गेलं’ म्हणून दुरुस्तीला येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा इतिहास हाच असतो. पोर्ट बदलून भागलं तर नशीब, नाहीतर बोर्डाचा खर्च.

म्हणून जोडताना चार्जर आणि टीव्हीचा प्लग दोन्ही काढा, आधी एचडीएमआय बसवा, मग वीज लावा. शक्य असेल तर दोन्ही एकाच बोर्डावरून चालवा, आणि त्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून खरंखुरं तपासून घ्या. नुसता टेस्टर पेटला की झालं असं नसतं. मे महिन्यात वळवाचे ढग जमले की डिशची वायर टीव्हीतून काढून ठेवायची, हे तर लॅपटॉप नसला तरी करावं.

हे सगळं करूनही आकडे पुसटच दिसले तर मला तीन गोष्टी कळवा : टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, लॅपटॉपचा मॉडेल नंबर, आणि ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’च्या पानाचा फोटो. त्या पानावर दोन रिझोल्यूशन लिहिलेली असतात, एक डेस्कटॉपचं आणि एक प्रत्यक्ष टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलचं. ती दोन वेगळी निघाली तर पुढे काय करायचं ते मॉडेल बघून सांगतो.